घंटेची उशी

घंटेचा दोर सोडला की तात्या डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडं झुकवायचे आणि कानामागं हात धरून उभे राहायचे. घंटेचा आवाज विरेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा दंडकच होता. मग डोळे उघडून समाधानानं म्हणायचे, "गेली."

"कुठं गेली, तात्या?" मी रस्त्यापलीकडून ओरडायचो.

"वडगावपातूर गेली."

वडगाव निंबाळकर बारामतीपासून किती लांब आहे, हे तुम्ही एकदा एसटीनं गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. मधे गावं आहेत, कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर आहेत, लग्नातले डीजे आहेत. या सगळ्यांना चुकवून एका जुन्या घंटेचा आवाज वडगावला पोचणार! मी हसलो की तात्या माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. "भाई, आवाज सोडायचं काम आपलं. ऐकणारा असला की पोचतंय त्ये."

माझं गाद्या-उश्यांचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे, मी मशीन लावून एका जागी बसलो, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. दुकान पिंपळीच्या रस्त्याला आणि बरोबर समोर कॅथलिक लोकांचं चर्च. चर्च म्हटल्यावर उंच मनोरा वगैरे डोळ्यांपुढं आणू नका. पत्र्याचं बैठं बांधकाम, दारात कडुलिंब, मागं उसाचं वावर. अंगणात दोन लोखंडी खांबांवर आडवा रूळ टाकून घंटा टांगलेली. ती वाजवणं हे तात्यांचं काम. पगार नव्हताच. पण त्या दोराला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही, खुद्द फादरनं लावला तरी.

त्याला कारणही होतं. तात्या मूळचे इंदापूरकडचे. डाळजच्या खालच्या अंगाला नदीकाठी त्यांचं गाव होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांनी घरांच्या चौकटी आणल्या, पत्रे आणले. तात्यांच्या वडिलांनी बैलगाडीत घालून तिथल्या एवढ्याशा चर्चची घंटा आणली. गावातलं वाजतं-बोलतं एवढंच उरलं होतं.

घंटा वाजवायच्या त्यांच्या तीन तऱ्हा होत्या. रोजच्या प्रार्थनेची संथ. कुणी वारलं तर एकेक ठोका, दोन ठोक्यांमधे निवांत श्वास घेता येईल इतकी उसंत. आणि तिसरी आनंदाची. नाताळ, लग्न किंवा बिशप आले की वाजायची ती. ती वाजवायच्या आधी तात्या चपला काढून कडुलिंबाच्या बुंध्याशी नीट जोडून ठेवायचे आणि मग दोन्ही हातांनी दोर ओढत, अक्षरशः उड्या मारत, दम लागेपर्यंत वाजवत राहायचे. त्या वयात माणसानं असं करू नये. पण बघायला फार मजा यायची.

एका थंडीत, उसाचा हंगाम भरात असताना, फादरनं सांगितलं की आपल्याकडं एक कुटुंब राहायला येणार आहे. ब्रह्मदेशातलं. तिकडं लढाई पेटल्यावर ही माणसं जंगलातून सीमा ओलांडून आली, मग दिल्लीत एका खोलीत काही वर्षं काढली. तिथल्या चर्चनं ठिकठिकाणी विचारलं, एखादं कुटुंब सांभाळाल का? आमच्या फादरनं हो म्हणून टाकलं होतं. ब्रह्मदेश म्हणजे मला फक्त सागवान माहीत. हे मी तात्यांना म्हणालो तर म्हणाले, "तितं बी आपल्यासारखीच घंटा असंल की."

मग चर्चच्या लोकांनी जी धांदल उडवली ती विचारू नका. चर्चच्या शाळेमागची खोली रंगवली. प्रत्येक घरानं काही ना काही द्यायचं ठरलं आणि कुणी कुणाला न विचारता जवळजवळ प्रत्येक घरानं स्टीलचे पेले दिले. पेल्यांचा ढीग झाला आणि तवा एकही नाही. गाद्या मी दिल्या. तात्यांनी खर्डा आणला, बरणीभर. फादर घाबरून म्हणाला, "तात्या, त्यांना तिखट सोसायचं नाही." पण आल्यावर त्या कुटुंबातल्या म्हातारीनं तो खर्डा नुसत्या भाताबरोबर चाटूनपुसून खाल्ला आणि बरणी पुढं केली. तात्या चर्चभर सांगत फिरले, "आपलीच माणसं हायती!"

चौघंजण होते. ही म्हातारी, तिची सून आणि सुनेची दोन लहान लेकरं. नवऱ्याचं काय झालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सुनेचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येईना. बाप्तिस्म्याचं नाव रोझा होतं, मग ती रोझाबाई झाली. दिल्लीत राहून तिला तोडकंमोडकं हिंदी यायचं. बोलायची कमी. बसली तर दाराकडं तोंड करून बसायची, हे मी गाद्या टाकायला गेलो तेव्हाच पाहिलं होतं.

ते आले शुक्रवारी. रविवारी सकाळी मी शटर वर करत होतो तर तात्या चपला कडुलिंबाशी जोडून ठेवताना दिसले. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी. म्हटलं, आज काय? नाताळ तर झाला.

"पाव्हणं आल्यात न्हवं! त्यास्नी कळू दे, कुठं आलोय ते," असं म्हणून त्यांनी दोर धरला आणि आनंदाची घंटा सुरू केली.

पुढचं जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. शाळेमागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. रोझाबाई अनवाणी बाहेर आली, एक लेकरू काखेत, एकाचं मनगट धरलेलं, मागं म्हातारी. मला वाटलं, घंटा ऐकून कौतुकानं बाहेर आल्या. पण त्या अंगणाकडं वळल्याच नाहीत. कमरेत वाकून, एकही शब्द न काढता मागच्या कुंपणाच्या फटीतून गेल्या आणि सरळ उसात शिरल्या. पानंसुद्धा फार हलली नाहीत. क्षणापूर्वी चार माणसं होती आणि आता नुसता ऊस होता.

आणि तो ऊस त्याच सकाळी पेटवायचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाला फार झाला की काही ठिकाणी उभा ऊस पेटवून देतात. पाला जळतो, कांड्या राहतात, तोडकऱ्यांचं काम हलकं होतं. मागच्या वावराचे मालक आबा आदल्या दिवशीच माझ्याकडं बसून म्हणाले होते, "उद्या सकाळी काडी लावतो, तुझा कापूस झाकून ठेव." आणि समोर, वावराच्या पलीकडच्या कोपऱ्यावर धूर दिसायला लागला होता.

मी दुकान उघडं टाकून धावलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी ओरडलो नसेन. "आबा! थांबवा! आत माणसं हायती!" आबांच्या हातातला पेटता बोळा तसाच राहिला. आधी त्यांना पटेचना. "माणसं? उसात कशाला जातील माणसं?" मग त्यांनी बोळा मातीत दाबला. तोडकऱ्यांनी आग अडवायला कोयत्यानं सपासप पट्टा तोडला, पाटाच्या पाण्यात पोती भिजवून पेटलेल्या कोपऱ्यावर झोडपायला सुरुवात केली. आग आटोक्यात यायला लागली, पण पाला आतून धुमसत होता आणि धूर सगळा आत शिरला होता.

तोवर चर्चमधली माणसं आली. सगळे बांधावर उभं राहून हाका मारायला लागले. रोझाबाई, रोझाबाई! बाहेर या! आम्ही जितकं ओरडलो तितका तो ऊस गप्प होत गेला. दोन लहान लेकरं त्या धुरात होती, पण साधा खोकला ऐकू येईना. मी दोन मुलांचा बाप आहे. लेकरं अशी गप्प राहू शकतात हे मला माहीत नव्हतं. अशी गप्प राहायला त्यांना कुणी, कसं शिकवलं असेल?

"गप बसा समदी!" तात्या ओरडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "हाका मारू नगा. भ्याल्यात त्या."

ते तसेच अनवाणी उसाच्या सरीत शिरले आणि थोडं आत जाऊन खाली बसले. खिशातून जपमाळ काढली आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले, मराठीत, चर्चमधे म्हणतात तशी. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ही काय जप करायची वेळ आहे? पण त्यांची ती प्रार्थना अर्धी एकानं म्हणायची असते आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी. तात्या त्यांचा अर्धा भाग म्हणत, थांबत. बांधावरच्या बायकांनी सवयीनं तोंड उघडलं तर तात्यांनी हातानंच त्यांना गप्प केलं. परत अर्धा भाग. परत थांबले. त्यात 'मरिया' आणि 'येशू' एवढेच शब्द आतल्या दोघींना कळण्यासारखे असतील.

कितव्या वेळी ते सांगता येणार नाही, पण उसातून उत्तर आलं. आधी म्हातारीचा चिरका आवाज, मग रोझाबाईचा. त्यांच्या भाषेत, पण बरोबर उरलेला अर्धा भाग. जन्मभराची सवय. कुणी अर्धी म्हटली की तोंडातून उरलेली निघतेच. तात्या म्हणत गेले, त्या उत्तर देत गेल्या, आणि त्या उत्तरांचा माग काढत तात्या सरीतून गुडघ्यांवर पुढं सरकत गेले.

सगळे बाहेर आले तेव्हा धाकटं लेकरू तात्यांच्या कडेवर होतं. तोंडाभोवती ओल्या मातीनं माखलेलं कापड. ओढणी फाडून, मातीत भिजवून रोझाबाईनं ती लेकरांच्या नाकातोंडावर बांधली होती. आबा बांधावर बसून लहान पोरासारखे रडत होते.

दुपारी रोझाबाईनं जे सांगितलं ते मी इथं थोडक्यातच लिहितो. जास्त लिहायची माझी ताकद नाही. तिच्या गावावर विमानं यायची. विमान दिसलं की गावच्या चर्चची घंटा अशीच, न थांबता, वाजायची. घंटा म्हणजे पळा, जंगलात शिरा, तोंडातून आवाज काढू नका. ती वाजवायचं काम तिच्या बापाकडं होतं. "सब भागते थे," ती म्हणाली, "पापा नहीं भागते थे." शेवटच्या खेपेला जंगलातून त्यांना घंटा ऐकू येत होती, आणि मग नाही आली.

तात्या खाली मान घालून ऐकत होते. तिचं संपल्यावर पुटपुटले, "आमचं बी गाव गेलं. पर आमाला सरकारनं आधी नोटीस दिली हुती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भाई, मी म्हणायचो वडगावपातूर जाती. किती लांब गेली बघ आज."

संध्याकाळी रोझाबाईनं गाठोडं बांधलं. आम्हाला परत दिल्लीला सोडा, म्हणाली. फादरनं समजावलं, बायकांनी समजावलं. ती मान हलवत राहिली. तिचं काय चुकत होतं? रोज दोनदा ज्या अंगणात ती घंटा वाजणार तिथं ती लेकरांना कशी झोपवणार? दिल्लीतली खोली सुटलेली, तिकडं ना काम ना कुणी माणूस, पण तिथं निदान घंटा नव्हती.

तात्या तिच्यासमोर उभे राहिले. "पोरी, घंटा वाजणार न्हाय. तू ऱ्हा." तिला शब्द कळले नसावेत. फादरनं हिंदीत सांगितलं. गाठोडं सुटलं नाही, पण कोपऱ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. "भाई, मूठभर कापूस दे. चांगला दे, गाठी नगंत." काय करायचं आहे ते कळल्यावर मी स्वतःच टेबल घेऊन गेलो. घंटेच्या आतल्या लोलकाभोवती कापूस गुंडाळला, वरून गादीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड घालून पक्की शिवण मारली. घंटेला उशी शिवणारा मी जगातला पहिला पिंजारी असेन. तात्या खाली उभं राहून सूचना करत होते, "घट्ट शिव. ढिली पडली तर सांडंल आवाज." बोलत होते हसून, पण मी खाली उतरलो तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं.

त्यानंतरची गंमत ऐका. तात्यांनी दोर ओढणं सोडलं नाही! रोज वेळेवर यायचे, चपला कडुलिंबाशी जोडायचे, दोर ओढायचे. घंटेतून गादी झोडपल्यासारखा थप थप आवाज यायचा, तो रस्त्यापलीकडंही पोचायचा नाही. मग डोळे मिटून मान डावीकडं. "गेली."

"आता कुठं गेली, तात्या?"

"आतल्या आत."

पण लोकांना तर बोलवायला पाहिजे. फादर म्हणाला, मोबाईलवर मेसेज टाकू. तात्या म्हणाले, "मेसेजला कोण उठतंय?" आणि त्यांनी सायकल काढली. लांबची पिंपळीकडची घरं आदल्या दिवशीच, शनिवारी दुपारी, आणि रविवारी पहाटे गावातली. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य, "वेळ झाली हो." जाता-येता माझ्या दुकानापुढंही थांबायचे. "वेळ झाली हो."

"अहो, मी कुठं येणार चर्चला?"

"तू येऊ नगंस. पर वेळ तर झाली का न्हाय?"

रोझाबाई माझ्याकडं खोळी शिवायला येऊ लागली. हाताला सफाई होती. दाराकडं तोंड करूनच बसायची, म्हणजे समोर चर्चचं अंगण. तात्या त्या मुक्या घंटेचा दोर ओढायचे तेव्हा तिचं मशीन थांबायचं. एके दिवशी तात्यांनी मान कलती केली आणि ती चक्क हसली. "भैया, वो क्या सुनते हैं?" मी म्हटलं, ते त्यांनाच विचार. हळूहळू मोठं लेकरू शाळेत जाऊ लागलं. म्हातारी कडुलिंबाखाली बायकांबरोबर लसूण सोलत बसायची. मला वाटायला लागलं होतं की ही माणसं राहतील.

हंगाम संपत आला होता. एका शनिवारी दुपारी तात्या सायकलवर पिंपळीकडं निघाले. "वेळ झाली हो," म्हणाले. मी गिऱ्हाइकाला उशी दाखवत होतो, नुसती मान हलवली.

पिंपळीच्या वळणावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला होता. मागच्या ट्रॉलीचा दोर तुटला आणि उसाच्या सगळ्या मोळ्या एका अंगाला कलंडल्या. मी पोचलो तेव्हा माणसं ऊस उपसत होती. सायकलचं हँडल वर आलेलं दिसत होतं. मी पण उपसायला लागलो. हाताला पाती लागून रक्त येत होतं ते घरी गेल्यावर कळलं. नंतर कुणीतरी मला धरून बाजूला केलं आणि म्हणालं, "बास भाई. आता घाई न्हाय."

मी त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, उसाला घातल्या. तो ट्रॅक्टरवाला रस्त्याकडेला बसून ओकत होता. तासापूर्वी जो माणूस मला वेळ सांगून गेला तो नाही, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

दुकानाशी परत आलो तेव्हा चर्चच्या फाटकापाशी काही माणसं जमली होती. त्यातला एकजण हळहळून म्हणाला, "घंटा वाजत असती तर म्हातारा कशापायी दारोदार फिरला असता?" वाईट बुद्धीनं नव्हे. पण रोझाबाई तिथंच उभी होती. तिला आता तेवढं मराठी कळत होतं. ती गुपचूप खोलीकडं गेली. मला ते कोपऱ्यातलं गाठोडं आठवलं. म्हटलं, संपलं. तात्याही गेले आणि ही पण चालली.

थोड्या वेळानं ती दुकानात आली. खोळी कापायची मोठी कात्री उचलली आणि रस्ता ओलांडून गेली. मी मागं धावलो.

तिनं चपला काढून कडुलिंबाच्या बुंध्याशी जोडून ठेवल्या. कुणाच्या तरी खुर्चीवर चढली आणि कात्रीनं माझी शिवण उसवली. कापूस तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडला. खाली उतरून तिनं दोर धरला.

मेलेल्या माणसासाठी एकेक ठोका देतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एकच घंटा माहीत होती. ती तिनं वाजवली. डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी, न थांबता, तिच्या बापानं वाजवली तशी.

रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या. आबा तोडकऱ्यांना घेऊन ओली पोती हातात घेऊन पळत आले, त्यांना वाटलं पेटलं कुठंतरी. घराघरांतून चर्चची माणसं आली. हॉटेलातले लोक चहा टाकून आले. माझं एक गिऱ्हाईक उशी काखेत धरूनच आलं. म्हातारी दोन्ही लेकरांना घेऊन खोलीच्या दारात उभी होती, आणि ती कुठंही पळाली नाही.

दम संपला तेव्हा रोझाबाईनं दोर सोडला. मान जराशी डावीकडं झुकवली. आवाज विरेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग तिनं डोळे उघडले आणि भरलेलं अंगण बघून ती दचकली. एकेका चेहऱ्याकडं बघत गेली. शेवटी माझ्याकडं वळली.

"भैया, ये सब इधर क्यों आए?"

"घंटी बजी ना," मी म्हणालो, "इसलिए."